मांजराचे सुतक : मराठी मुलखातील प्राणिशोकाचा इतिहास

१/ मराठी मुलखात हत्तीची कबर आहे, रेड्याची समाधी आहे, कुत्र्याची समाधी आहे. परिचित स्थळांच्या यादीत मांजराचे स्मारक मात्र आढळत नाही. शतकानुशतके चुलीच्या उबेला निजलेला हा प्राणी मेल्यावर त्याच्यासाठी कोणी रडलेच नसेल काय? की माणसे रडली, परंतु त्या रडण्याची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती? आजचा धागा या प्रश्नाविषयी.

२/ प्रश्न जुना असला तरी त्याची निकड आजची आहे. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेचे ताथवडे पाहा. २००९ साली महापालिकेत समाविष्ट होईपर्यंत ते ग्रामपंचायतीचे गाव होते. आज तेथे बहुमजली गृहसंकुले आणि महाविद्यालये आहेत, हिंजवडीकडे धावणारी वर्दळ आहे. गावातील घरात मांजर मेले की परसात खड्डा खणून त्याला पुरीत आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवीत. चौदाव्या मजल्यावरील सदनिकेला परस नसतो. दगड ठेवावा अशी जागाही नसते.

३/ याच ताथवड्यात शासनाचे वळू-माता प्रक्षेत्र आहे. अशा प्रक्षेत्रावर प्रत्येक जनावराला क्रमांक असतो. त्याचा वंश, जन्म, दूध, आजार आणि मृत्यू हे सारे नोंदवहीत उतरते. लगतच्या इमारतीतील मनीची नोंद मात्र कोठेच नसते. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, वराह, घोडा, गाढव, उंट यांच्याबरोबर कुत्रा, ससा आणि हत्ती यांचीही मोजदाद झाली. मांजराला त्या यादीत रकाना नाही. जे मोजले जात नाही, त्याचे जाणेही हिशेबात धरले जात नाही.

४/ आजारी मांजराचा मृत्यू बहुधा एकाएकी येत नाही. मूत्रपिंडे निकामी होत जातात किंवा विषाणूचा संसर्ग आतडी पोखरतो. मग सलाईन, इंजेक्शने, पिचकारीने तोंडात घातलेले पातळ अन्न आणि रात्रीची जागरणे यांत दिवस जातात. शेवटी जेव्हा सारे संपते, तेव्हा भोवतालचे जग एक वाक्य उच्चारते : ‘मांजरच तर होते, दुसरे आणा.’ अशा दुःखाला १९८९ साली केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने नाव दिले. त्याचा आशय असा की हे समाजमान्यता नाकारलेले दुःख आहे. मराठीत तीच गोष्ट दोन शब्दांत सांगता येते : सुतक नसणे.

५/ सुतकाकडे केवळ विटाळाची कल्पना म्हणून पाहणे अपुरे आहे. विटाळाची बाजू त्यात आहेच. परंतु सुतक ही शोकाला मिळालेली सामाजिक रजाही आहे. त्या दिवसांत घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भात आणून देतात, माणसे येऊन मुकाट्याने बसून जातात, सणवार टळतात. दहाव्याला घाट, तेराव्याला गोडाचे जेवण, आणि मग हळूहळू रोजचे जीवन. शोकाला आरंभ आहे, मर्यादा आहे, साक्षीदार आहेत. धर्मशास्त्राने ही सारी व्यवस्था सपिंड, सोदक अशा नात्यांच्या मापाने बांधली. प्राणी त्या मापाबाहेर राहिले.

६/ मांजराचा उल्लेख धर्मशास्त्रात नाही असे नव्हे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारल्यास शूद्रहत्येइतके प्रायश्चित्त सांगितले आहे. या बरोबरीतून प्राण्याविषयीच्या करुणेपेक्षा माणसांच्या उतरंडीची क्रूरताच अधिक उघड होते. लोकसमजुतीत याच धाग्याचे रूप म्हणजे हातून मांजर मेल्यास सोन्याचे मांजर दान करण्याची कल्पना. म्हणजे मारणाऱ्यासाठी विधी होता, गमावणाऱ्यासाठी नव्हता. परंपरेने पापाची तरतूद केली, विरहाची केली नाही.

७/ संतपरंपरेने ही कोरडी चौकट बरीच ओलांडली. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतणारे एकनाथ, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, या कथा घरोघरी ठाऊक आहेत. त्यांतील प्राणी भुकेला किंवा तहानेला, परंतु जिवंत आहे. करुणेचा क्षण आहे तो वाचवण्याचा. जो वाचवता आला नाही, त्याचे काय करावे हा प्रश्न या कथांच्या पलीकडे उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दगडांकडे वळावे लागते.

८/ पहिला दगड दख्खनच्या दक्षिण भागातला. इसवी सन ९४९-५० चा, म्हणजे महाराष्ट्रावरही ज्यांची सत्ता होती त्या राष्ट्रकूटांच्या काळातला. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे कन्नड शिलालेख असलेला हा वीरगळ सापडला. सध्या तो बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. बूतुगाच्या पदरी मनलेर नावाचा योद्धा होता. धनी प्रसन्न होऊन ‘काय हवे’ असे विचारता झाला.

९/ मनलेराने जमीन मागितली नाही, पद मागितले नाही. त्याने काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे या कुत्र्याला एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आले. दोघेही एकमेकांना मारून मेले. मनलेराने काळीच्या स्मरणार्थ मंदिरासमोर हा दगड उभारला, त्यावर कुत्रे आणि डुक्कर यांची झुंज कोरवली, दगडाच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली आणि पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असा दंडकही घालून दिला. एका कुत्र्यासाठी रोजचे स्मरण कायमचे बांधून ठेवण्याचा हा खटाटोप आहे. शोकाचे याहून स्पष्ट दस्तऐवज दुर्मीळच.

१०/ आता महाराष्ट्रात. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या बागरौजात निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याची कबर आहे. त्याच परिसरातील एका लहान वास्तूला गुलाम अली या हत्तीचे स्मारक मानले जाते. १५६५ सालच्या तालीकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणारा तो हाच हत्ती, अशी परंपरा सांगते. राजाच्या कबरीशेजारी हत्तीला जागा मिळाली, परंतु ती रणांगणावरील कामगिरीमुळे.

११/ पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात आळे येथे रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर परतीच्या वाटेवर असताना आळ्याला गतप्राण झाला आणि तेथेच त्याला समाधी दिली, अशी वारकरी श्रद्धा आहे. कथेची ऐतिहासिकता हा निराळा विषय. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट भाषेची आहे. ‘पुरला’ नव्हे, ‘समाधी दिली’. ज्या क्रियापदाचा मान संताला, तोच जनावराला. ओझी वाहणाऱ्या प्राण्याला तेराव्या शतकातील भावंडांशी नाते जोडून लोकमानसाने नात्याची ती जुनी मोजपट्टी बाजूला सारली.

१२/ तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर संगम माहुली आहे. सातारच्या राजघराण्याच्या समाध्या येथेच. १७४९ साली निधन पावलेल्या छत्रपती थोरल्या शाहू महाराजांची समाधीही येथेच. आणि त्याच गावात त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. परंपरेत त्याचे नाव खंड्या. वाघाच्या शिकारीच्या प्रसंगी या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचवले, असे सांगितले जाते. धनी आणि कुत्रा एकाच नदीकाठी चिरविश्रांती घेत आहेत.

१३/ या कुत्र्याचा वृत्तान्त जेम्स ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) नोंदवला आहे. काही काळ महाराजांच्या चित्तावर परिणाम झाला होता, असे सांगून तो लिहितो की भर दरबारात त्यांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि रत्ने घातली, स्वतःचे पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले आणि पुढे स्वतः कधीही पागोटे घातले नाही. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सारा सरंजाम खरोखरच राखला गेला.

१४/ ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट होता. स्थानिक कागद आणि आठवणी त्याच्या हाताशी होत्या. तथापि त्याच्या लेखी हा सारा प्रकार म्हणजे लहर. येथे साधनचिकित्सेचा एक धडा मिळतो. ज्या कृतीला एक लेखक विक्षिप्तपणा म्हणतो, तिलाच माहुलीचा दगड कृतज्ञता म्हणतो. एकच वस्तुस्थिती, दोन साक्षी. प्राण्यावरील अपार मायेला वेड ठरवण्याची सवय आजची नाही. ती दोनशे वर्षांपूर्वी इतिहासग्रंथातही होती, आणि छत्रपतीसुद्धा तिच्यातून सुटले नाहीत.

१५/ चौथे उदाहरण रायगडचे, आणि ते वादाचे आहे. जगदीश्वर मंदिराजवळ, शिवछत्रपतींच्या समाधीच्या परिसरात, वाघ्या कुत्र्याचे शिल्प आहे. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची ही कथा राम गणेश गडकरींच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकामुळे सर्वतोमुखी झाली. शिल्प बसले १९३६ साली, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून. शिवकालीन साधनांत वाघ्याचा उल्लेख नाही, हा आक्षेपकांचा मुख्य मुद्दा. २०१२ साली शिल्प हटवले गेले आणि पुन्हा बसवले गेले. २०२५ साली ते हलवण्याची मागणी पुन्हा पुढे आली.

१६/ या वादातील कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. वाघ्या सतराव्या शतकाविषयी जे सांगतो, त्यापेक्षा अधिक विसाव्या शतकाविषयी सांगतो. थोर पुरुषाच्या मृत्यूचा शोक किती खोल होता हे दाखवण्यासाठी एका मुक्या प्राण्याची साक्ष काढावी, असे त्या पिढीला वाटले. मात्र येथे शोक करणारा कुत्रा आहे, कुत्र्यासाठी शोक करणारा माणूस नाही. दिशा उलटी आहे. प्राण्याचे दुःख माणसाला शोभा देते, माणसाने प्राण्यासाठी केलेले दुःख मात्र लहर ठरते.

१७/ आता चारही मराठी उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. हत्तीने शत्रू पकडला. रेड्याने वेद म्हटले. खंड्याने राजाला वाचवले. वाघ्याने प्राणार्पण केले. आतकूरच्या काळीने डुक्कर मारले. प्रत्येक स्मारकामागे कामगिरी आहे. केवळ सोबत केली, दारात वाट पाहिली, पायाशी निजला, एवढ्या भांडवलावर कोणालाही दगड मिळालेला नाही. प्राण्याला स्मरणात जागा मिळवण्यासाठी आधी वीर, भक्त किंवा हुतात्मा व्हावे लागले. मांजर यांपैकी काहीच नव्हे.

१८/ भाषेनेही मांजराला फारशी साथ दिलेली नाही. ते आडवे जाते म्हणून अपशकुनी, डोळे मिटून दूध पिते म्हणून लबाड, पिल्ले घरोघर हिंडवते म्हणून अस्थिर. कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला धरून असते, असे सर्रास म्हटले जाते. म्हणजे त्याचे प्रेमही माणसाच्या खात्यावर जमा होत नाही. याच भाषेने त्याला मनी आणि माऊ ही नावे दिली, लहान मुलाला बोलायला शिकवताना पहिल्या शब्दांत त्याला स्थान दिले, हेही तितकेच खरे. म्हणींत अविश्वास आहे आणि हाकेत माया. इतिहासाला म्हणी सापडतात, हाका हवेत विरून जातात.

१९/ एकदा मात्र मांजराला सरकारी दरबारी मान मिळाला. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला, १८९७ साली पुणे हादरले. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली दाखवले. त्यानंतर वऱ्हाडात, अमरावतीला, लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने गावोगावी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे त्याचे प्रतिपादन १९०८ च्या सुमारास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातही आले. मांजराची किंमत झाली, ती उंदरांच्या संख्येत.

२०/ कायद्यानेही किंमतच मोजली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत प्राण्याला मारणे हा मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा होता. कलम ४२८ दहा रुपये वा अधिक किमतीच्या प्राण्यासाठी. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची नावे घातली. इतर प्राण्याची किंमत पन्नास रुपये तरी हवी. मांजराचे नाव नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही किमतीची अट उरली नाही. घरच्या मांजराला कायद्यात रुपयांच्या मापाबाहेर पडायला १६४ वर्षे लागली.

२१/ उपचारांचा इतिहासही याच क्रमाने गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज प्रवासी राल्फ फिच याने खंबायतच्या वर्णनात म्हाताऱ्या व लंगड्या प्राण्यांना मरेपर्यंत सांभाळणाऱ्या रुग्णालयांचा उल्लेख केला, आणि त्या यादीत मांजर स्पष्टपणे आहे. १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या सरकारी कत्तलीवरून मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

२२/ १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. तिचेच परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. १८८६ साली त्याच्या आश्रयाने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. परंतु वसाहतकालीन पशुवैद्यकाचे मुख्य लक्ष लष्कराचे घोडे आणि शेतीची गुरे यांच्याकडे होते. आजारी मांजराला टोपलीत घालून डॉक्टरकडे न्यावे, त्याचे रक्त तपासावे, त्याच्यासाठी रात्र जागवावी, ही मध्यमवर्गीय रीत फार अलीकडची. उपचार वाढले तसा शोकही दिसू लागला. तो नवा नव्हता, त्याला फक्त साक्षीदार मिळाले.

२३/ ‘नवा नव्हता’ हे कशावरून? पुरावा मराठी मुलखातून बाहेर गेलेल्या एका समुद्रमार्गाच्या टोकाला आहे. जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याणला, आणि कल्याण-चौलहून पश्चिमेला जाणाऱ्या सातवाहनकालीन व्यापाराचे वर्णन ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात येते. त्यात पैठण आणि तेर यांचीही नावे आहेत. तांबड्या समुद्रावरील इजिप्तचे बेरेनिके बंदर याच ग्रंथात आहे. तेथील उत्खननात साडेसात किलो मिरे भरलेला भारतीय घडा सापडला, आणि २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्तीही.

२४/ त्याच बेरेनिकेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले, पाळीव प्राण्यांचे दफनस्थान सापडले. पोलिश संशोधिका मार्ता ओसिपिन्स्का यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८५ प्राण्यांची नोंद आहे : ५३६ मांजरे, ३२ कुत्री, १५ माकडे, एक कोल्हा आणि एक ससाणा. हे प्राणी ममी केलेले नाहीत, बळी दिलेले नाहीत. त्यांना निजल्यासारखे ठेवले आहे. कोणावर कापडाचे किंवा खापराचे पांघरूण. काही मांजरांच्या गळ्यात लोखंडी पट्टा, काहींच्या गळ्यात मण्यांची माळ. यांतली काही माकडे भारतातून नेलेली होती, हेही हाडांवरून सिद्ध झाले.

२५/ या थडग्यांतून आजारपणही बोलते. काही प्राणी दात पडलेले, म्हातारे. काहींची मोडलेली हाडे पुन्हा जुळलेली. एका मोठ्या कुत्र्याला हाडांचा कर्करोग होता. त्याला खजुराच्या झावळीच्या चटईत गुंडाळून पुरले होते आणि त्याच्या पोटात मासे व बकऱ्याचे मांस यांचे अवशेष होते. वाळवंटातल्या बंदरात अन्न-पाणी बाहेरून येई. अशा ठिकाणी शिकारीला निरुपयोगी झालेल्या जिवाला कोणीतरी मऊ घास भरवत होते. बंदरात उंदीर होते, मांजर उपयोगाचे होते, हे खरे. परंतु मण्यांची माळ उंदीर पकडत नाही.

२६/ बेरेनिकेचे रहिवासी इजिप्ती, ग्रीक, रोमन, भारतीय असे मिश्र होते. म्हणून या थडग्यांना ‘इजिप्तमध्ये मांजर पवित्र होते’ एवढेच उत्तर पुरत नाही. त्या जुन्या परंपरेत मायेचे पुरावेही आहेत : तिसऱ्या आमेनहोतेपचा पुत्र थुतमोस याने इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात आपल्या ता-मिऊ या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करवली. हेरोडोटसने लिहिले की इजिप्तमध्ये घरचे मांजर मेले की माणसे भुवया उतरवतात. म्हणजे तेथे मांजराला सुतक होते, आणि ते चेहऱ्यावर दिसत होते.

२७/ याहून मागे जायचे तर सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी एका माणसापासून जेमतेम चाळीस सेंटिमीटरवर एक मांजर पुरलेले सापडले आहे. मांजर त्या बेटावरचे मूळचे नव्हे; माणसांनीच ते होडीतून नेले होते. लेखनाच्या कितीतरी आधी हे सान्निध्य कोणाला तरी जमिनीत जपून ठेवावेसे वाटले.

२८/ महाराष्ट्राच्या दमट किनाऱ्यावर आणि नांगरल्या जाणाऱ्या काळ्या मातीत मांजराची बारीक हाडे वाळवंटासारखी टिकत नाहीत. परसातल्या दगडावर कोणी नाव कोरत नसे. घरात रडणाऱ्यांत लहान मुले आणि स्त्रिया असत, आणि बखर लिहिणाऱ्याला त्यांच्या रडण्याशी कर्तव्य नव्हते. म्हणून मराठी साधनांतील मौनाचा अर्थ ‘दुःख नव्हते’ असा काढता येत नाही. पुरावा नसणे आणि घटना नसणे यांतला फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. तोच येथे लागू होतो. अर्थात यावरून दुःख होतेच असे सिद्ध होत नाही. परंतु बेरेनिकेच्या साक्षीनंतर ‘हे आजकालचे खूळ आहे’ हे विधान मात्र टिकत नाही.

२९/ शहरे जागा हिरावतात आणि मग जागा निर्माणही करतात. फ्रान्समध्ये १८९८ च्या कायद्याने मृत प्राणी वस्तीपासून दूर पुरणे बंधनकारक झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ आनिएर येथे कुत्र्या-मांजरांची दफनभूमी उघडली. मुंबई महापालिकेने २०२३ साली मालाडला नैसर्गिक वायूवर चालणारी लहान प्राण्यांची दहनवाहिनी सुरू केली. बैलाचा दशक्रिया विधी किंवा तेरावा करणाऱ्या शेतकरी कुटुंबांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतातच. सुतकाची चौकट कोणी मोडत नाही. ती आतून थोडी थोडी रुंद होत आहे.

३०/ ताथवड्याच्या चौदाव्या मजल्यावर रिकामी टोपली, अर्धी उरलेली औषधाची बाटली आणि खिडकीतली ओळखीची जागा पाहून ज्याचा घसा दाटतो, त्याचे दुःख नव्या जीवनशैलीचा चोचला नव्हे. मनलेर, शाहू महाराज, थुतमोस आणि बेरेनिकेचा तो अनाम माणूस, ज्याने आजारी कुत्र्याला शेवटचा घास भरवला, या सर्वांच्या रांगेत तो उभा आहे. फरक इतकाच की त्याच्या मांजराने राज्य वाचवले नाही. ते फक्त सोबत होते. सोबत ही कामगिरी आहे की नाही, हे दगड कोरणाऱ्यांनी आजवर ठरवले. आता ते नोंद ठेवणाऱ्यांनी ठरवायचे आहे.

३१/ म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या गावात बैलाची, घोड्याची, कुत्र्याची किंवा मांजराची समाधी, वीरगळ वा साधा शेंदूर लावलेला दगड असेल तर त्याचे छायाचित्र, गावाचे नाव आणि गावकरी सांगतात ती कथा या धाग्याखाली नोंदवा. कथा आणि पुरावा वेगवेगळे लिहा. आणि घरचे मांजर नुकतेच गेले असेल, तर त्याचे नाव, ते किती वर्षे सोबत होते आणि कोणत्या तारखेला गेले, एवढे तरी वहीत लिहून ठेवा. ज्या प्राण्याला कोणत्याही गणनेत रकाना नाही, त्याच्यासाठी तो पहिला कागद ठरेल.

(धागा समाप्त)